आपापल्या घरासमोरची भिंत

नहेम्याच्या पुस्तकाचा तिसरा अध्याय उपासनेत सहसा कोणी वाचायला घेत नाही. नुसती नावंच नावं. अमक्याचा मुलगा तमका, त्याच्या शेजारी दुसरा, त्याच्यापुढे तिसरा. वाचणाऱ्याची जीभ अडखळते आणि ऐकणाऱ्याचं लक्ष घड्याळाकडे जातं. पण घर बांधायला काढलेल्या ख्रिस्ती कुटुंबाने आधी हाच अध्याय उघडावा, कारण ते बांधकामावरचं हजेरीपुस्तक आहे. इसवी सनापूर्वी पाचव्या शतकात यरुशलेमचा पडका तट ५२ दिवसांत पुन्हा उभा राहिला. त्यातला कुठला तुकडा कोणी बांधला, याची ही नोंद.

हजेरीत सोनार आहेत, अत्तरं करणारे आहेत, याजक आहेत. गवंडीकामाशी ज्यांचा काडीचा संबंध नाही अशी ही माणसं. शल्लूम नावाच्या अधिकाऱ्याने आपल्या मुलींना बरोबर घेऊन काम केलं, आणि लिहिणाऱ्याने ते आवर्जून टिपलं. तकोवाच्या सरदारांनी कामाला खांदा दिला नाही, तेही टिपलं. त्याच गावच्या साध्या लोकांनी मात्र आपला भाग संपवून आणखी एक भाग उचलला. आणखी एक गोष्ट या यादीत पुन्हा पुन्हा येते. कित्येकांच्या वाट्याला त्यांच्या स्वतःच्या घरासमोरचाच तट आलेला आहे. जिथे खिंडार राहिलं तर शत्रू आपल्याच दारात येणार, तिथली वीट माणूस तिरकी लावत नाही.

‘घर पाहावं बांधून आणि लग्न पाहावं करून’ ही म्हण दोन्ही कामं एका ओळीत बसवते ती उगाच नाही. दोन्हींत खर्च अंदाजाबाहेर जातो आणि दोन्हींत घरातली माणसं नव्याने कळतात. समजा, अहिल्यानगरकडचं एक कुटुंब आहे. वडील निवृत्तीला आलेले शिक्षक, आई नर्स, मुलगा पुण्यात नोकरीला, सून, दहावीतली मुलगी आणि आजी. वडिलांच्या नावावर दोन गुंठे जागा आहे. मुलगा कर्ज काढणार आहे, आईचा भविष्यनिर्वाह निधी येणार आहे. सगळे एकमेकांना जीव लावणारे, रोज रात्री एकत्र प्रार्थना करणारे. तरी जोत्यापर्यंत काम येतं तोवर दोघं एकमेकांशी बोलेनासे होतात. उन्हातान्हात राबण्याने ही वेळ येत नाही. स्वयंपाकघराचा ओटा कुठल्या बाजूला घ्यायचा, हे कोणीतरी कोणालातरी न विचारता ठरवून टाकतं, तेव्हा ती येते.

असल्या न विचारता घेतलेल्या निर्णयांचा इतिहास मोठा आहे. १० फेब्रुवारी १८९५ रोजी नारायण वामन टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला, तोही पत्नीला बरोबर न घेता. पुढची काही वर्षं लक्ष्मीबाईंना कशी काढावी लागली, ते ‘स्मृतिचित्रे’ वाचलेल्यांना सांगायला नको. तिकडे अमेरिकेत १९५३ मध्ये वडील वारल्यावर, पुढे राष्ट्राध्यक्ष झालेल्या जिमी कार्टर यांनी नौदलातली नोकरी सोडून जॉर्जियातल्या प्लेन्स या आपल्या गावी परतायचं ठरवलं. पत्नी रोझलिन यांना विचारलंच नाही. रोझलिन संतापल्या, आणि गावाकडच्या प्रवासात नवऱ्याशी जवळजवळ बोलल्याच नाहीत. पुढे हेच जोडपं घरं बांधणाऱ्यांचं जगभरातलं प्रतीक झालं. त्यांच्याकडे नंतर पुन्हा येऊ.

आधी बसण्याबद्दल. लूकच्या शुभवर्तमानात येशू बुरूज बांधणाऱ्या माणसाचा दाखला देतो. तो माणूस आधी बसून खर्चाचा हिशोब करणार नाही का, असा प्रश्न विचारतो. या दाखल्यातल्या पैशाकडे सगळ्यांचं लक्ष जातं, ‘बसून’कडे कमी. घरातल्या सगळ्यांनी, आजीसकट, एका संध्याकाळी कागद-पेन घेऊन बसावं आणि तीन याद्या कराव्यात. कोणत्या गोष्टी सगळ्यांच्या संमतीशिवाय बदलायच्या नाहीत, ही पहिली. खोल्यांची संख्या, एकूण खर्चाची मर्यादा, नवं कर्ज असल्या गोष्टी तिथे येतात. कोणती गोष्ट कोण एकटा ठरवेल, ही दुसरी. पैसे कमी पडले तर सगळ्यात आधी काय गाळायचं, ही तिसरी. तिसरी यादी काम सुरू होण्याआधीच करावी. स्लॅब अर्ध्यावर असताना ती करायला बसलं, की प्रत्येकाला दुसऱ्याचीच खोली गाळण्याजोगी दिसते.

त्याच बैठकीत एक नाजूक विषय काढावा लागतो, तो जागेच्या मालकीचा. ख्रिस्ती कुटुंबांत याबद्दल गैरसमज फार. शेजारपाजारच्या हिंदू कुटुंबांचं पाहून ‘वडिलोपार्जित हक्क’ आपल्यालाही जन्मतः असतो असं अनेकांना वाटतं. ख्रिस्ती माणसाला लागू होतो तो १९२५ चा भारतीय उत्तराधिकार कायदा. त्यात वडिलांची मालमत्ता वडिलांच्या हयातीत वडिलांचीच. ते मृत्युपत्र न करता गेले तर एक तृतीयांश पत्नीला, आणि उरलेलं मुलगा-मुलगी असा भेद न करता मुलांना सारखं. गोव्यात नागरी संहितेमुळे गोष्ट निराळी. तिथे वेगळा करार केलेला नसेल तर पती-पत्नी एकमेकांच्या मालमत्तेत निम्मे भागीदार असतात. म्हणजे वरच्या कुटुंबात वडिलांच्या जागेवर मुलगा स्वतःच्या कर्जातून घर बांधतोय, आणि उद्या त्या घरात बहिणीचा वाटा तितकाच असणार आहे. यात वाईट काहीच नाही. पण हे तिला आणि त्याला आज, पाया खोदण्याआधी माहीत हवं. मुलाच्या पैशांची नोंद कशी करायची, मृत्युपत्र करायचं का, जागा संयुक्त नावावर घ्यायची का, हे वकिलाला विचारून ठरवावं. वकिलाची फी सिमेंटच्या हिशोबाशेजारीच मांडावी.

मुलींना कमी धरण्याची खोड ख्रिस्ती घरांतही होतीच. केरळात १९१६ च्या त्रावणकोर ख्रिस्ती उत्तराधिकार कायद्याप्रमाणे मुलीला मुलाच्या वाट्याचा चौथा हिस्सा किंवा पाच हजार रुपये, यांतलं जे कमी असेल ते मिळत असे. मेरी रॉय त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेल्या आणि १९८६ मध्ये जिंकल्या. त्या वादाची सुरुवातही वडिलांच्या एका घरावरूनच झाली होती.

आता हजेरीपुस्तकाकडे. नहेम्याची पद्धत घरच्या कामाला उचलताना ‘सगळ्यांनी मिळून सगळं करू’ हे वाक्य टाळावं. ते ऐकायला प्रेमळ असतं, पण साइटवर त्याचा अर्थ ‘कोणीतरी बघेल’ असा होतो. प्रत्येकाला एक ठरावीक तुकडा द्यावा, आणि त्या तुकड्यापुरता त्याचा शब्द अखेरचा मानावा. शक्यतो तो तुकडा त्याच्या घरासमोरचा, म्हणजे ज्याचं बरंवाईट त्यालाच भोगायचं आहे, असा असावा. स्वयंपाकघरात जिचा दिवस जाणार, ओट्याची उंची तिने ठरवावी. आर्किटेक्टचा आराखडा काहीही सांगो, तिला भिंतीशी उभं करून माप घ्यावं. रात्री दोनदा उठणाऱ्या आजीला न्हाणीघराची वाट, तिथला दिवा आणि पायरी ठरवू द्यावी. तिच्याइतका अभ्यास कोणाचाच नसतो.

माल मोजून घेणं हे सगळ्यात कंटाळवाणं आणि सगळ्यात पैसे वाचवणारं काम. वाळू-खडी ब्रासवर येते. एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट. गाडी आली की रिकामी करण्याआधी हौद्याची लांबी, रुंदी आणि मालाची उंची फुटांत मोजायची, गुणायचं, शंभराने भागायचं. हे दहावीतल्या मुलीचं काम. टेपचं एक टोक तिने धरावं, दुसरं भावाने, आणि आकडा वहीत तिने लिहावा. तिला एक प्रयोगही करायला द्यावा. ओलसर वाळू एका डब्यात भरून वर पाणी ओतायचं. पूर्ण भिजली की तीच वाळू खाली बसते. दमट वाळू फुगते, म्हणून ओल्या वाळूच्या ब्रासमध्ये वाळू कमी भरते. दुसरा प्रयोग काचेच्या बरणीचा. वाळू आणि पाणी घालून बरणी हलवायची आणि रात्रभर ठेवायची. सकाळी वाळूवर गाळाचा जाड थर दिसला, तर ती गाडी परत. शाळेतलं विज्ञान बापाचे पैसे वाचवतं हे एकदा दिसलं, की त्या मुलीला साइटवर बोलवावं लागत नाही.

सिमेंटची वही सुनेकडे द्यायला हरकत नाही. आलेली पोती, गेलेली पोती, तारीख. पोती जमिनीवर टेकवायची नाहीत. खाली फळ्या हव्यात, भिंतीपासून फूटभर अंतर हवं, थर दहापेक्षा उंच नको, आणि आधी आलेलं आधी वापरायचं. तीन महिन्यांपेक्षा जुनं सिमेंट ताकद गमावून बसलेलं असतं, म्हणून स्वस्त मिळालं तरी एकदम भरून ठेवू नये. विटांचं वडिलांनी बघावं. दोन विटा एकमेकींवर आपटल्या की खणखणीत वाजल्या पाहिजेत, आणि बांधकामाला घेण्याआधी भिजल्या पाहिजेत.

आणि पाणी. घरच्यांच्या हाताचा सगळ्यात मोठा उपयोग पाणी मारायला होतो, आणि दुर्लक्षही तिथेच होतं. काँक्रीट वाळून घट्ट होत नाही. सिमेंट आणि पाण्याच्या रासायनिक क्रियेने ते घट्ट होतं, आणि पाणी उडून गेलं की क्रिया थांबते. भारतीय मानक ४५६ साध्या सिमेंटसाठी कमीत कमी सात दिवस आणि मिश्र सिमेंटसाठी दहा दिवस ओल टिकवायला सांगतं. उन्हाळ्यातल्या कोरड्या हवेत साध्या सिमेंटलाही दहा दिवस हवेत, मिश्र असेल तर चौदापर्यंत जावं. हल्ली दुकानात मिळणारं बरंचसं सिमेंट मिश्रच, म्हणजे पीपीसी, असतं. बिगारी संध्याकाळी घरी जातो, रविवारी येत नाही, सणाला गावी जातो. घरचे मात्र असतातच. स्लॅबवर मातीच्या किंवा मसाल्याच्या छोट्या पाळी करून वाफे बांधावेत, पाणी साठवावं आणि पहाट-दुपार-संध्याकाळ अशा पाळ्या लावून घ्याव्यात. कागदावर प्रत्येकाचं नाव हवं. चुकलेली पाळी लपवता येणार नाही, इतपत तो कागद दारात लावावा. तकोवाच्या सरदारांची आठवण अशा वेळी कामाला येते.

काय करू नये तेही सांगायला हवं. मुलांना परातीत मसाला वाहायला लावू नये, सेंट्रिंगच्या खाली खेळू देऊ नये. ओल्या सिमेंटने कातडी भाजते. हातमोजे नसतील तर हात घालू नये, आणि लागलंच तर लगेच भरपूर पाण्याने धुवावं. सळई बांधणं, सेंट्रिंग, वायरिंग ही हौसेची कामं नव्हेत. टेकू किती दिवसांनी काढायचे ते अभियंत्याने सांगावं, शेजारच्या मामांनी नाही. आणि घरच्या चार जणांनी गवंड्याला चार वेगवेगळ्या सूचना देऊ नयेत. गवंड्याशी बोलणारा माणूस एकच, बाकीच्यांनी आपलं म्हणणं त्याच्याकडे द्यावं.

कार्टर दांपत्याकडे आता परत येता येईल. १९८१ मध्ये अध्यक्षपद गेल्यावर दोघं प्लेन्सच्या जुन्या घरी परतले आणि हाताला काम म्हणून पोटमाळ्याला फळ्यांची जमीन घातली. ते जमलं. त्यानंतर त्यांनी एकत्र पुस्तक लिहायला घेतलं, आणि लग्नाला चाळीस वर्षं झालेलं जोडपं मोडण्याच्या बेताला आलं. ते भराभर लिहून मोकळे होत, तर त्या एकेक शब्द जपून ठेवत. एकच घटना दोघांना वेगवेगळी आठवे. समोरासमोर बोलणं अशक्य झालं तेव्हा दोघं एकमेकांना लिहून कळवू लागले. शेवटी संपादकाने तोडगा काढला. ज्या परिच्छेदावर एकमत होत नाही, त्यापुढे ज्याचा त्याने आपल्या नावाचं आद्याक्षर घालावं. १९८७ मध्ये ते पुस्तक तशा अक्षरांसह छापून आलं. एकमत झालं नाही, पण पुस्तक झालं. घराच्या रंगावरून आठवडाभर तंडणाऱ्यांनी हा तोडगा जरूर वापरावा. दिवाणखाना एकाचा, मागची खोली दुसऱ्याची, आणि भिंतीवर आद्याक्षर लिहायची गरज नाही.

हेच दोघं १९८४ पासून हातोडी घेऊन ‘हॅबिटॅट फॉर ह्युमॅनिटी’च्या कामात उतरले. मिलर्ड आणि लिंडा फुलर या जोडप्याने १९७६ मध्ये जॉर्जियात सुरू केलेली ही ख्रिस्ती संस्था. तिचं मूळ क्लॅरन्स जॉर्डन यांच्या कोइनोनिया या शेतवसाहतीत. फुलर यांची गोष्टही या लेखाच्या कामाची आहे. तरुणपणीच ते लखपती झाले, पण कामापायी संसाराकडे पाठ फिरली, आणि १९६५ मध्ये लिंडा घर सोडून गेल्या. दोघं पुन्हा एकत्र आले ते सगळी संपत्ती वाटून टाकण्याचं ठरवूनच. त्यांच्या संस्थेत घर फुकट मिळत नाही. घर घेणाऱ्या कुटुंबाने आपल्या आणि शेजाऱ्याच्याही घरासाठी ठरावीक तास अंगमेहनत करायची असते. २००६ मध्ये लोणावळ्याजवळ या संस्थेने शंभर घरं बांधायला घेतली, तेव्हा ब्याऐंशी वर्षांचे कार्टर रोझलिनसह तिथे आठवडाभर विटा लावत होते. विटा लावणाऱ्यांत घरांचे होणारे मालकही होते.

आपल्याकडे हे नवं नाही. शेतीत इर्जिक होती, सावड होती. आज तुझ्या शेतात, उद्या माझ्या. मंडळीतल्या दोन-तीन कुटुंबांची घरं एकाच हंगामात निघाली असतील, तर स्लॅबच्या दिवशीचं जेवण, पाण्याच्या पाळ्या आणि सेंट्रिंगच्या फळ्या यांची सावड आजही करता येते.

सगळं एकदम झालंच पाहिजे, या हट्टाला उतारा लॉरी बेकर यांच्याकडे आहे. १९१७ साली बर्मिंगहॅममध्ये जन्मलेले, क्वेकर पंथाचे हे वास्तुविशारद भारतात आले, १९४८ मध्ये डॉ. एलिझाबेथ जेकब यांच्याशी लग्न केलं आणि पिथोरागडच्या डोंगरात दोघांनी सोळा वर्षं काढली. तिने रुग्ण पाहायचे, त्याने दवाखान्याच्या भिंती उभ्या करायच्या आणि पडेल ते काम करायचं. पुढे तिरुअनंतपुरमच्या खडकाळ उतारावर त्यांनी ‘हॅम्लेट’ हे आपलं घर बांधलं, तेही एका दमात नाही. गरज लागेल तशी खोली वाढत गेली. विटा उभ्या लावून मधे पोकळी ठेवणारी रॅट-ट्रॅप बांधणी त्यांनी रुजवली. तिच्यात सुमारे चौथा हिस्सा विटा वाचतात. अशी बांधणी येणारा गवंडी गावात असेल तर विचारून पाहावं. नसेल तर निदान एवढं करावं, की खालचा मजला आज आणि वरचा पाच वर्षांनी, असं ठरवून पाया आणि कॉलम तेवढे आधीच अभियंत्याकडून करून घ्यावेत.

वेळेचं गणित महाराष्ट्रात पाऊस ठरवतो. वसई-कोकणाकडे दिवाळीनंतर पाया आणि मेच्या आत स्लॅब. पण ख्रिस्ती घरात आणखी एक तारीख डोक्यावर बसते, नाताळची. ‘यंदाचा नाताळ नव्या घरात’ असं वाक्य एकदा आजीच्या तोंडून निघालं, की ओल्या गिलाव्यावर रंग चढतो आणि पुढच्या पावसाळ्यात पोपडे निघतात. फादरांना किंवा पाळकसाहेबांना आशीर्वादासाठी, उपकारस्तुतीच्या सभेसाठी कधी बोलवायचं, ते गिलावा सुकल्यावर ठरवावं. नाताळ दरवर्षी येतो.

भांडणं होणारच. नहेम्याच्या चौथ्या अध्यायात मजूर थकतात, ढिगारा फार आहे म्हणतात. पाचव्यात, काम ऐन भरात असताना, कर्जावरून आणि गहाण टाकलेल्या शेतांवरून कुरबुर उफाळते. तेव्हा नहेम्या सावकारी करणाऱ्या वरिष्ठांना सगळ्यांसमोर जाब विचारतो आणि गहाण जमिनी परत करायला लावतो. घरात हे काम रविवारचं. मिस्सा किंवा उपासना झाल्यावर, दुपारी जेवणं आटोपली की, आठवड्याची वही उघडायची. किती आले, किती गेले, उसने कोणाचे, बाकी काय. अर्ध्या तासात वही मिटायची आणि उरलेला दिवस घराबद्दल चकार शब्द काढायचा नाही. मजुरांनाही सुट्टी द्यावी. त्यांचा सुट्टीचा वार दुसरा असेल तर तो विचारून घ्यावा. नहेम्याने आणखी एक सोय केली होती. तटावर माणसं लांब लांब विखुरली होती, म्हणून कर्णा वाजला की सगळ्यांनी तिथे जमायचं. आज घराच्या व्हॉट्सॲप गटावर एक खूण ठरवून ठेवली तरी भागतं. ती आली की वाद तिथेच थांबवायचा आणि संध्याकाळी समोरासमोर बसायचं. टाईप करून भिंती उभ्या राहतात, पण त्या नको असलेल्या.

बायबलमधल्या ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या बाविसाव्या अध्यायात नवं घर बांधणाऱ्यासाठी एक नियम आहे. गच्चीला कठडा कर, नाहीतर कोणी पडलं तर त्याच्या रक्ताचा दोष तुझ्या घरावर. शेवटच्या महिन्यात पैसे संपत आले की कंत्राटदार सगळ्यात आधी हाच खर्च पुढे ढकलायला सांगतो, आणि घरचेही मान हलवतात. एक मीटरपेक्षा ठेंगणा कठडा नको. आणि तो गाळण्याच्या यादीत चुकून लिहिला गेला असेल, तर आजच खोडावा.